विचारलं तेवढंच

आमच्या कोर्टाच्या कँटीनमधला वडा एकदा खाल्ला की माणूस पुन्हा त्याचं नाव काढत नसे. अपवाद एकच, पदू वकील. मधल्या सुट्टीत ते रोज वडा मागवत, रोज एक घास खात आणि रोज उरलेला बशीत ठेवून देत. एकदा न राहवून मी म्हटलं, "वकीलसाहेब, काल वाईट होता, परवा वाईट होता. मग आज कशाला मागवलात?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, कालचा वडा हा आजच्या वड्याविरुद्ध पुरावा होत नाही." मग घास घेतला, नीट चावला, गिळला आणि निकाल दिला, "वाईट आहे. पण आजच्या पुराव्यावर."

मी भिवंडीच्या कोर्टात लघुलेखक. न्यायाधीशांच्या समोर, जरा खालच्या टेबलाशी बसायचं आणि साहेब सांगतील ती साक्ष टाइप करायची. साहेब बदलून जातात, सरकारी वकील बदलतात, मी आणि माझं टेबल तिथेच. त्या जागेवरून माणसं पुरती दिसत नाहीत. मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळे साक्षीदाराचे कठड्यावरचे हात तेवढे दिसतात. खोटं बोलणाऱ्याचे हात थरथरतात असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर खरं बोलणाऱ्याचेच जास्त थरथरतात.

पदू वकील म्हणजे पद्माकर. अंबाडीच्या पलीकडच्या एका खेड्यातलं कुणबी घर, घरात शिकून वकील झालेले हे पहिले. उंच, हडकुळे, काळा कोट उन्हाने हिरवट झालेला. पाठीमागे सगळे त्यांना पदू वकील म्हणत आणि तोंडावरही तेच म्हणत, त्याचं त्यांना काही वाटत नसे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नाही. नारपोलीत एका लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत राहायचे. खाली दिवसरात्र खडखडाट, जमीनसुद्धा हलायची. कुणी विचारलं, "झोप कशी लागते?" तर म्हणत, "लूम बंद असले की लागत नाही. मग फार एकटं वाटतं." असं सरळ बोलून टाकायचे आणि ऐकणाऱ्यालाच कुठे बघावं ते कळायचं नाही.

त्यांचा एक शब्द होता, गैरलागू. कोर्टात तो सगळेच वापरतात, पण पदू वकील तो कोर्टाबाहेरही घेऊन फिरायचे. आमच्याकडे एक नवीन शिपाई आला, तेव्हा कँटीनमध्ये कुजबूज सुरू झाली, की हा आधीच्या ठिकाणी निलंबित झाला होता म्हणे. पदू वकिलांनी चहाचा कप खाली ठेवला. "गैरलागू. आज वेळेवर आला का? आला. मग चहा प्या." कुणाच्या मुलीचं आधी एकदा ठरून मोडलं होतं, कुणाचा जावई पूर्वी प्यायचा, असली बोलणी त्यांच्यासमोर दोन वाक्यांच्या पुढे जात नसत. बायका तर त्यांना बघून विषयच बदलायच्या. मीही बदलायचे. कुचाळकी करायची चोरी झाली होती.

त्यांच्याकडे येणारे अशील म्हणजे ठाण्यात नाव असलेली माणसं. भिवंडीत एखाद्या गोदामातून माल गेला की पोलीस आधी जुन्या नावांकडे जातात. एकदा नाव लागलं की ते पुसत नाही. असा माणूस वकिलांसमोर बसून आधी आपली जुनी कर्मकहाणी सांगायला लागायचा आणि हे त्याला अडवायचे. मग शांतपणे समजावायचे. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ आहे.

"हे बघ. तू पूर्वी काय केलंस, ते तुझ्याविरुद्ध सरकारी वकिलाला आपणहून सांगता येत नाही. कायद्याने मनाई आहे. तुझं मागचं सगळं कोर्टाच्या दाराबाहेर उभं आहे. पण कडी आपल्या बाजूला आहे. आपण म्हटलं, हा माणूस चांगला आहे, की कडी निघाली. मग ते म्हणणार, चांगला का? हे बघा याची जुनी शिक्षा. म्हणून तुला कुणी चांगला म्हणायचं नाही. मी नाही, तुझी आई नाही, कुणीच नाही. साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलायचं."

अलीकडे कायदा नवा आला, कलमांचे आकडे बदलले, पण ही कडी होती तिथेच राहिली.

ती निघाली की काय होतं ते मी माझ्या टेबलावरून पाहिलंय. अनीस नावाचा एक कारागीर मारामारीच्या केसमध्ये होता. त्याच्या बाजूने साक्षीला त्याच्याच कारखान्यातले एक म्हातारे चाचा आले होते. त्यांनी एवढंच सांगायचं होतं की त्या वेळी अनीस ड्युटीवर होता, त्यांच्या शेजारच्या लूमवर. ते त्यांनी चोख सांगितलं. साहेब मला मजकूर सांगायला वळले, आणि चाचांना वाटलं, इतक्या लांबून आलो, पोराबद्दल एक चांगला शब्द न बोलता कसं जायचं. कुणी विचारलेलं नसताना ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहब, लड़का फ़रिश्ता है. आज तक किसी पे हाथ नहीं उठाया."

पदू वकील उभे राहिले, पण उशीर झाला होता. सरकारी वकिलांनी हसतच विनंती केली, की साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. मी ते नोंदवले. पुढच्या तारखेला अनीसच्या जुन्या मारामारीतल्या शिक्षेची नक्कल कोर्टापुढे आली. अनीसला सजा झाली. चाचा पायरीवर बसून भेटेल त्याला विचारत होते, "मैंने झूठ तो नहीं बोला ना?" पदू वकील कोटासकट त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "नहीं चाचा, झूठ नहीं बोला. बस, जितना पूछा उससे ज़्यादा बोल दिया." त्यांना ते रागावले नाहीत. पण मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं. त्यानंतर त्यांनी कुणालाही चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

म्हणजे अगदी कुणालाही नाही. माझी मुलगी बी.कॉम.ला कॉलेजात पहिली आली. मी पेढे वाटले. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. पदू वकिलांनी पेढा खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाले, "बरं." मला इतका राग आला की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. गुन्हेगारांच्या बाबतीत ठीक आहे हो, पण पोरीच्या पेढ्यावर कसली कडी आणि कसलं दार?

एका माणसापुढे मात्र हा कारभार ढिला पडायचा, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ विष्णू. धामणकर नाक्यावर त्याचा टेंपो लागायचा, कापडाचे तागे आणि सुताच्या पेट्या वाहायचा. गावाहून येताना तो वालाच्या शेंगा, काकड्या, काही ना काही घेऊन यायचा आणि कोर्टाबाहेर टेंपो थांबवून दणदणीत हॉर्न वाजवायचा. पदू वकील तरातरा बाहेर जात. "इथे हॉर्न वाजवायला बंदी आहे!" विष्णू म्हणायचा, "तू येतच न्हाय ना त्याशिवाय!" पिशवी घेऊन परत येताना वकिलांचा चेहरा असा व्हायचा की त्या वेळी तारीख मागितली असती तर विरुद्ध पक्षालाही मिळाली असती. रविवारी ते गावी जायचे. विष्णूची बायको मालती तांदळाच्या भाकऱ्या करायची, सुकटीची चटणी करायची. सोमवारी ते आम्हाला सांगत, "जेवण झालं." चवीबद्दल चकार शब्द नाही, पण आम्हाला कळायचं.

या विष्णूचंही नाव ठाण्यात होतं. पोरवयात मित्रांच्या नादाने त्याने कुणाच्या तरी शेतातल्या मोटरची तांब्याची तार चोरली होती आणि त्यापायी आत जाऊन आला होता. पुढे त्याने कधी वाकडं पाऊल टाकलं नाही. लग्न केलं, टेंपो घेतला, भजनात मृदंग वाजवायला लागला. आणि मग नारपोलीतल्या एका गोदामातून सुताच्या पेट्या गेल्या. रखवालदाराने सांगितलं, टेंपो पाहिला, ड्रायव्हर पाहिला. पोलीस जुन्या नावांकडे गेले आणि विष्णूला घेऊन आले.

केस पदू वकिलांनी स्वतः घेतली. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, सख्ख्या भावाची केस घेऊ नये, दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, "दुसरा वकील गावाला आत घेईल." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. सुनावणीच्या दिवशी कळला. कोर्टाच्या फाटकापाशी एक टेंपो येऊन उभा राहिला आणि त्यातून अख्खं गाव उतरलं. सरपंच, शाळेचे जुने मास्तर, भजनी मंडळ, बाया, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांच्याकडे रीतच तशी आहे. गावातल्या कुणावर किटाळ आलं की चार माणसांनी जाऊन त्याच्या बाजूने बोलायचं. जो गप्प बसतो तो विरुद्ध बोलला असंच धरतात.

सरपंच म्हणाले, "वकील, आमाला सायबापुढं उभं करा. पोर आमच्या डोल्यासमोरचा हाय. आमी सांगतो ना."

"तुम्ही बोललात की तो आत गेला," पदू वकील म्हणाले. "घरी जा."

"आन तुमी? तुमी तरी बोलाल ना?"

"मीही नाही."

गाव आल्या टेंपोने परत गेलं. जाताना मास्तर एवढंच म्हणाले, "पद्माकर, तुला मीच शिकवलं ना रे?" ते त्यांच्या वर्मी लागलं असणार. पण ते आत आले आणि आपल्या जागेवर बसले. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या विष्णूला खिडकीतून फाटक दिसत होतं. माणसं आलेली त्याने पाहिली आणि परत पाठवलेलीही पाहिली.

ती केस म्हणजे पदू वकिलांचं सगळ्यात चांगलं काम. मी टाइप केलंय, मला माहीत आहे. रखवालदाराची उलटतपासणी त्यांनी आवाज न चढवता केली. दिवा कुठे होता, टेंपो कसा उभा होता, ड्रायव्हरचं तोंड कुठल्या बाजूला होतं. शेवटी रखवालदार स्वतःच म्हणाला, "साहब, टेंपो देखा था, आदमी नहीं देखा." मग युक्तिवाद झाला. विष्णूचे कठड्यावरचे हात माझ्यासमोर होते. भाऊ बोलायला उभा राहिला तसे ते हात पुढे सरकले. पदू वकील बराच वेळ बोलले. दिवा, अंतर, कुलूप, पंचनामा. पण विष्णूबद्दल एक अक्षर नाही. आरोपीने, आरोपीस, आरोपीकडून. शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय, "आरोपी माणूस कसा आहे हा प्रश्न या कोर्टापुढे नाही." तेव्हा विष्णूचे हात कठड्यावरून खाली गेले.

तो निर्दोष सुटला. त्याचं जुनं प्रकरण दाराबाहेरच राहिलं, त्याचा उच्चारसुद्धा झाला नाही. निकालानंतर मी कागद घेऊन बाहेर निघाले, तर व्हरांड्यात दोघे भाऊ समोरासमोर उभे होते. विष्णू पाया पडायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला.

"दादा, येक सांग. कोर्टात न्हाय बोललास, ठीक हाय. आता हितं कोन न्हाय. मी केली का चोरी? तुना काय वाटतं? मना तुझ्या तोंडून ऐकायचा हाय."

पदू वकील म्हणाले, "गैरलागू."

शब्द तोंडातून गेला मात्र, त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं जी सवय लावली होती ती त्यांच्या आधी बोलून मोकळी झाली. ते काहीतरी म्हणायला गेले, पण विष्णू सरळ उभा राहिला होता. "बरा," तो म्हणाला, "येतो, वकीलसाहेब." जन्मात त्याने त्यांना दादाशिवाय हाक मारली नव्हती.

त्यानंतर हॉर्न वाजला नाही. शेंगा नाहीत, रविवार नाही, सोमवारचं "जेवण झालं" नाही. पदू वकील आधीही एकटेच होते, पण आता ते नजरेला येण्याइतके एकटे झाले. कँटीनमध्ये वडा मागवत आणि तो एक घासही न खाता उठून जात. एकदा मी घरी जाताना धामणकर नाक्यावर त्यांना पाहिलं. शेअर रिक्षावाले ओरडत होते, "नारपोली, एक सीट, एक सीट!" हे तिथे उभे, पण बसत नव्हते. रिक्षा भरून जात होत्या आणि हे टेंपो जिथे लागतात त्या बाजूला बघत होते. मी विचारलं, "वकीलसाहेब, काय करताय?" म्हणाले, "ट्रॅफिक बघतोय." पुढे मला ते तिथे बऱ्याचदा दिसले. मी विचारायचं सोडलं.

पण एकदा कँटीनमध्ये मी हट्टाला पेटले. म्हटलं, "इतकं जिवाला लावून घेता, तर एकदा जा ना गावी. सांगून टाका त्याला." त्यांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "बाई, साक्ष ताबडतोब झाली तर तिला किंमत. आता सांगितलं तर त्याला वाटेल, मी रुसलो म्हणून हा बोलतोय. उशिरा आलेला साक्षीदार कोण खरा मानतो?" मी चिडून म्हटलं, "घर म्हणजे कोर्ट आहे का?" त्यांनी मान हलवली. "नाही. ते मला आधी कळायला हवं होतं."

विष्णू गेला तो काम करता करता. नाक्यावर टेंपोत माल भरताना छातीत कळ आली आणि तिथेच बसला तो उठला नाही. पदू वकील त्या वेळी आमच्या कोर्टात एका केसमध्ये उभे होते. कुणीतरी आत येऊन त्यांच्या कानात सांगितलं. ते साहेबांना म्हणाले, "तारीख मिळावी." उभ्या हयातीत ज्यांनी दुसऱ्यांच्या तारखांना हरकत घेतली, त्यांनी स्वतःसाठी मागितलेली मी ऐकलेली ही एकच तारीख. ती कामी आली नाही, कारण ते पुन्हा कोर्टात आलेच नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विष्णूच्या दहाव्याला.

आम्ही कोर्टातली दोन-चार माणसं अंबाडीवरून पुढे त्यांच्या गावी गेलो होतो. नदीकाठी कापडी मांडव घातला होता, माणसं बरीच जमली होती. विधी झाल्यावर माइक आला. त्यांच्याकडे दहाव्याला उठून दोन शब्द बोलायची पद्धत आहे. सरपंच बोलले, भजनी मंडळाचे बुवा बोलले, म्हातारे मास्तर काठी टेकत उठले आणि बोलले. कोर्टाच्या फाटकावरून जी माणसं परत पाठवली होती तीच सगळी एकामागून एक बोलत होती, आणि जे त्या दिवशी सांगायचं होतं तेच सांगत होती. पदू वकील मांडवाच्या कडेला चटईवर बसले होते. अंगात पांढरा सदरा होता. कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते आणि ते मला एकदम म्हातारे वाटले. त्यांना बोलवायचं कुणाच्या मनात नव्हतं. मास्तर खाली बसले तसे ते आपणच उठले आणि माइक हातात घेतला.

"माझं नाव पद्माकर," ते म्हणाले. "धंदा वकिली. राहणार नारपोली, भिवंडी. शपथेवर सांगतो की..." माझी बोटं नकळत मांडीवर हलली. साक्षीची सुरुवात अशीच होते, जन्मभर मी हेच टाइप करत आलेय. "मयत विष्णू माझा धाकटा भाऊ. मी त्याला तो जन्मल्यापासून ओळखतो. तो चांगला माणूस होता. माझ्यापेक्षा चांगला होता. गोदामातली चोरी त्याने केली नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

माझे डोळे भरून आले. वाटलं, सुटले बिचारे एकदाचे. ते माइक ठेवणार इतक्यात बायकांच्या घोळक्यातून मालतीचा आवाज आला. ती उठली नाही, डोक्यावरचा पदरही हलला नाही.

"भाऊ, हे तुमी त्यांना कदी सांगितला व्हता का?"

वकील होते ते. या प्रश्नाला द्यायला त्यांच्यापाशी किती उत्तरं असतील. कायदा होता, कडी होती, चाचांची गोष्ट होती, भाऊ तुरुंगात गेला नाही हे तर सगळ्यांच्या समोर होतं. ते तिच्याकडे वळले आणि विचारलं तेवढंच बोलले.

"न्हाय."

त्यांच्या तोंडून गावची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मालतीने पुढे काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. जरा वेळाने बायका उठल्या, पानं मांडायची लगबग सुरू झाली, मांडववाल्याने येऊन त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. पदू वकील मात्र तिथेच उभे होते, दोन्ही हात पुढे धरून, समोर कठडा असावा तसे. साक्ष संपली की साहेब साक्षीदाराला सांगतात, जा आता. सांगितल्याशिवाय साक्षीदार उतरत नाही. मी कुठवर बघत राहणार? शेवटी मीच जवळ गेले आणि म्हटलं, "वकीलसाहेब, झालं. उतरा आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि हात तसेच पुढे धरून उभे राहिले.